परमुलखीं जातांना गांठीस किती असावें?

मलकापूर, नांदुरा, शेगांव हीं बुलढाणा जिल्ह्यांतील मुंबई-नागपूर लोहमार्गावरचीं स्थानकें. तेथें रात्रींच्या गाडीची वाट पाहत उभीं असलेलीं कुटुंबें दिवाळीनंतर आणि उन्हाळ्यांत हमखास दृष्टीस पडतात. जाणारा एकच असतो, पोंचवावयास आलेले चार-पांच. डब्यांत भाकरी, ठेचा आणि लाडू. पिशवींत दोन नवे सदरे. एका पाकिटांत शाळा-कॉलेजचीं प्रमाणपत्रें. ह्या साऱ्या वस्तु आईनें दोनदां मोजलेल्या असतात. मात्र खिशांतील पैसा कोणत्या हिशेबानें ठेवला, असें विचारलें तर बहुधा उत्तर येतें, "घरांत होते तेवढे दिले." काम मिळण्यापूर्वीं परमुलखीं जाणाऱ्यानें गांठीस किती पैसा बांधावा, हा प्रश्न वरवर पाहतां साध्या बेरजेचा आहे. पण ती बेरीज चुकली तर तिची किंमत घरच्या वावरापर्यंत जाऊन पोंचते.

वऱ्हाड हा मूळचा माणसें बाहेर पाठविणारा मुलूख नव्हे. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ ह्या वर्षांत हिंदुस्थानच्या कापसास अपूर्व भाव आला. १८६७ सालीं लोहमार्ग नागपुरास पोंचला व १८७० सालीं जलंबहून खामगांवचा फांटा सुरू झाला. खामगांवच्या कापूसपेठेचें नांव दूरवर गाजत होतें, आणि मजूर, व्यापारी व कारागीर बाहेरून ह्या मुलखांत येत होते. पुढें चित्र पालटलें. २०११ च्या खानेसुमारींत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारें २५ लाख ८६ हजार भरली. कोरडवाहू जमीन मात्र वाढली नाहीं, ती भावाभावांत वांटली गेली. कपाशी आणि सोयाबीन पावसाच्या भरंवशावर. २००६ सालीं केंद्र सरकारनें विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांतील अडचणींत सांपडलेल्या शेतकऱ्यांसाठीं खास मदतीची योजना जाहीर केली, त्यांत बुलढाणा हा एक जिल्हा होता. अशा मुलखांतील एकाद्या घरानें शिकलेला मुलगा किंवा मुलगी पुण्यास, मुंबईस अथवा परदेशीं पाठविण्याचें ठरविलें, तर त्यांत नवल नाहीं. प्रश्न एवढाच, कीं त्यांना पाठवावें कशाच्या आधारावर?

रिकाम्या हातानें गेलेल्यांचा इतिहास येथें उपयोगीं पडतो. १८३४ पासून हिंदुस्थानांतील हजारों माणसें उंसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठीं मॉरिशस बेटांत गेलीं. त्यांत कोंकण व आसपासच्या भागांतील मराठी कुटुंबेंहि होतीं. त्यांच्याजवळ जहाजाचें भाडें नव्हतें. तें मळेवाल्यांनीं भरलें आणि त्याच्या मोबदल्यांत पांच वर्षांचा करार लिहून घेतला. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. म्हणजे प्रवास फुकट नव्हता. त्याचें मोल पैशानें द्यावयाचें तें पांच वर्षांच्या स्वातंत्र्यानें दिलें गेलें. ती करारी मजुरीची पद्धत १९१७ सालीं बंद पडली, पण तिच्यामागील हिशेब अद्याप पुरता बंद पडलेला नाहीं. ऊंसतोडीस जाणारें जोडपें मुकादमाकडून हंगामापूर्वीं 'उचल' घेतें. ती उचल म्हणजे उलटी शिल्लकच होय. अशा कुटुंबाचा प्रवास शून्यापासून सुरू होत नाहीं, शून्याच्या खालून सुरू होतो. आणि फड बदलण्याची मोकळीक पहिल्याच दिवशीं त्याच्या हातांतून गेलेली असते.

ह्याहून निराळा मार्ग मुंबईच्या गिरणगांवानें दाखविला. कोंकणांतून व घाटावरून आलेला नवा माणूस आपल्या गांवकऱ्यांच्या खोलींत वळकटी टाकी, पाळीपाळीनें झोंपे आणि खाणावळींत महिन्याच्या उधारीवर जेवे. खाणावळ चालविणारी बाई पगाराच्या दिवसापर्यंत थांबत असे. अशाच खाणावळवाल्या बायांना एकत्र करून प्रेमा पुरव ह्यांनीं १९७५ सालीं अन्नपूर्णा महिला मंडळ उभें केलें. ह्या व्यवस्थेंत नवख्याजवळ पैसा कमी असला तरी चाले. कारण त्याच्या वतीनें गांवानें शिल्लक ठेवलेली असे. पण १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो लांबला, तेव्हां ह्या व्यवस्थेची दुसरी बाजू दिसली. अनेक कामगार गांवीं परतले. ज्यांचें शेत व घर जाग्यावर होतें, त्यांना पाय ठेवावयास जागा मिळाली. ज्यांनीं तें आधींच विकलें होतें, त्यांना परतण्यास ठिकाण उरलें नव्हतें.

ह्या साऱ्यावरून गांठीच्या पैशाचें खरें काम स्पष्ट होतें. तो केवळ पोट भरण्यासाठीं नसतो. मिळालेलें पहिलेंच वाईट काम नाकारतां यावें, ह्यासाठीं तो असतो. ज्याच्याजवळ आठ दिवसांचा खर्च आहे, तो आठव्या दिवशीं समोर येईल त्या कागदावर सही करतो. ज्याच्याजवळ चार महिन्यांचा आहे, तो कागद वाचतो.

आतां प्रत्यक्ष बेरजेकडे वळावें. तिचे चार भाग पडतात : जाण्याचें आणि परत येण्याचें भाडें, राहण्याच्या जागेची अनामत, दरमहाचा खर्च, व आजारपणासाठीं राखीव रक्कम. ह्यांत सर्वांत मोठी चूक होते ती महिने मोजतांना. काम मिळेपर्यंतचे दिवस सारेच मोजतात. काम मिळाल्यापासून पहिला पगार हातीं येईपर्यंतचे दिवस फारच थोडे मोजतात. महिन्याच्या पंधरा तारखेस कामावर रुजू झालेल्या माणसास पुरा पगार दीड महिन्यानंतर दिसतो. म्हणून शोधास अडीच महिने व पगारास दीड महिना, असे चार महिने धरणें हें सावधपणाचें.

समजा, मेहकर तालुक्यांतील एका कास्तकाराचा मुलगा पुण्यास निघाला आहे. तिघांत मिळून घेतलेल्या खोलीचा त्याचा वांटा ३,५०० रुपये, जेवणास ३,५००, जाण्यायेण्यास १,००० आणि फोन, साबण, अर्ज, छायाप्रती इत्यादि किरकोळ खर्चास २,००० धरले, तर महिन्यास १०,००० रुपये झाले. चार महिन्यांचे ४०,०००. अनामतींतील त्याचा वांटा ७,०००. दोन्ही बाजूंचें भाडें ३,०००. आजारपणासाठीं १०,०००. एकूण ६०,००० रुपये. हे आंकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येक घरानें आपल्या ओळखीच्या माणसास विचारून त्या त्या शहराचे खरे आंकडे घालावे. पण हाच मुलगा २०,००० घेऊन गेला तर काय होतें, तेंहि पाहावें. अनामत व एकेरी भाडें गेल्यावर त्याच्याजवळ साडेअकरा हजार उरतात. पांचव्या आठवड्यांत तो कर्ज काढतो, किंवा पदवी बाजूस ठेवून मिळेल तें काम धरतो आणि मग नोकरी शोधण्यास त्याला सवडच राहत नाहीं.

ही रक्कम कमी कशानें होते? आधींच ठरलेल्या कामानें, नातेवाइकाच्या घरीं मिळालेल्या पहिल्या महिन्याच्या आसऱ्यानें, आणि हातांतल्या कसबानें. आयटीआयमध्यें वीजतंत्री किंवा जोडारी शिकलेल्यास कारखान्यांच्या भागांत काम लवकर सांपडण्याचा संभव असतो. नुसत्या पदवीवाल्यानें महिना-दोन महिने अधिक धरावे. मुलीच्या बाबतींत मात्र काटकसर करतांना एक गोष्ट सोडूं नये : सुरक्षित वसतिगृहाचे पैसे. राहण्याच्या जागेंत वांचविलेले हजार रुपये घरच्यांची झोंप घेतात, आणि पुष्कळदां तिची नोकरीहि.

परदेशाची गोष्ट निराळी, कारण तेथें कांहीं सरकारें स्वतःच आंकडा ठरवून देतात. कॅनडानें कुशल स्थलांतरितांच्या मुख्य योजनेसाठीं, हातीं नोकरी नसलेल्या एकट्या अर्जदाराजवळ १५,२६३ कॅनडी डॉलर असावेत, असें २०२५ सालीं ठरविलें. जर्मनीनें १ जून २०२४ पासून काम शोधण्यासाठीं 'चान्सेनकार्ट' हा परवाना सुरू केला. त्यासाठीं २०२५ सालीं दरमहा १,०९१ युरो, म्हणजे वर्षाचे १३,०९२ युरो दाखवावे लागत. हा पैसा बंदिस्त खात्यांत ठेवतां येतो व त्यांतून दरमहा ठरलेलीच रक्कम बाहेर पडते. ब्रिटनमध्यें तर हातीं नोकरी असलेल्या कुशल कामगारासहि, मालकानें जबाबदारी घेतली नसेल तर, १,२७० पौंड २८ दिवस खात्यांत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. पहिल्या पगारापर्यंतचे दिवस मोजावेत, हें तेथील सरकारासहि पटलेलें आहे, असाच ह्याचा अर्थ.

ह्या आंकड्यांविषयीं दोन इशारे आवश्यक आहेत. एक, ते वारंवार बदलतात व ते किमान असतात. निघण्याच्या वर्षाचा आंकडा त्या त्या सरकारच्या अधिकृत पत्रकांतूनच घ्यावा. दुसरा, दाखविण्यापुरता पैसा व्याजानें आणून खात्यांत ठेवणें आणि परवाना मिळतांच तो परत करणें, ही युक्ति सरकारास फसवीत असेल नसेल, जाणाऱ्या मुलास मात्र नक्कीच फसविते. कागदावर लाखों आणि खिशांत आठवड्याचा खर्च, अशा स्थितींत परक्या थंडींत उतरण्याइतकी वाईट सुरुवात दुसरी नाहीं. २०२४ च्या फेब्रुवारींत महाराष्ट्र सरकारनें जर्मनींतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशीं कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला. अशा वाटेनें जाणाऱ्यासहि जर्मन भाषा शिकण्यांत कित्येक महिने घालवावे लागतात. त्या महिन्यांत मिळकत नसते. तेव्हां तो खर्चहि गांठीच्या पैशांतच धरला पाहिजे.

आखाती देशांत जाणाऱ्याचें काम बहुधा आधींच ठरलेलें असतें. तेथें धोका राहण्याच्या खर्चाचा नसून मध्यस्थाचा असतो. १९८३ च्या स्थलांतर कायद्याखालील नियमांप्रमाणें नोंदणी झालेल्या मध्यस्थास ३०,००० रुपये व त्यावरील कर ह्यापेक्षां अधिक सेवाशुल्क घेतां येत नाहीं, व त्याची पावती द्यावी लागते. लाखाची मागणी करणारा आणि पावती न देणारा मनुष्य कितीहि गोड बोलला तरी त्याच्यासाठीं दागिना मोडूं नये.

शेवटीं, हा पैसा यावा कोठून? वावर गहाण टाकून तर नव्हेच. जून महिन्यांत बीं-खतासाठीं ठेवलेला पैसा मुलाच्या हातीं देणेंहि तितकेंच घातक. त्यानें एका घरांत दोन जुगार एकाच वेळीं सुरू होतात. सोयाबीन विकून झालें, कापसाचा पहिला वेंचा बाजारांत गेला, म्हणजे दिवाळीनंतर निघावें. त्याच्या दोन वर्षें आधींपासून टपाल कचेरींत दरमहा २,५०० रुपये साठविले, तर व्याज न धरतांहि ६०,००० होतात. म्हणजे शिक्षण संपत आलें तेव्हांच शिल्लक सुरू झाली पाहिजे. निकाल लागल्यावर नव्हे. आणि सारी रक्कम मुलाच्या खिशांत देऊं नये. जर्मनींतील बंदिस्त खात्याचा धडा घरींहि घेतां येतो : अनामत, भाडें व पहिल्या महिन्याचा खर्च त्याच्याजवळ द्यावा, बाकीचें आईच्या खात्यांत ठेवून दर एक तारखेस पाठवावें. त्यामुळें चोरीचें भय कमी होतें, आणि शिल्लक किती उरली हें दोन्ही बाजूंस सारखेंच ठाऊक राहतें.

निघण्यापूर्वीं आणखी एक गोष्ट उघड बोलून ठेवावी. परतीचें भाडें आणि एक महिन्याचा खर्च एवढेंच उरलें, कीं मुलानें घरीं यावें. त्यांत कमीपणा नाहीं. हें आधीं बोललेलें नसलें म्हणजे मुलगा लाजेनें तेथेंच राहतो, मित्रांकडून उसने घेतो आणि फोनवर "काम लागलें" असें सांगतो. घर त्या खोट्या पगाराच्या भरंवशावर बियाणें उधार आणतें, आणि एका माणसाची अडचण साऱ्या घराची होते. परत आलेला मुलगा दुसऱ्या वर्षीं अधिक तयारीनें जाऊं शकतो. विकलेलें वावर सहसा परत येत नाहीं.

म्हणून गाडी हलण्यापूर्वीं बापानें एक पाकीट मुलाच्या हातीं वेगळें द्यावें. त्यांत फार पैसा नको. परतीच्या भाड्यापुरता असला तरी पुरे. तें पाकीट उघडण्याची वेळ बहुधा येणार नाहीं. पण तें जवळ आहे म्हणूनच मुलाला परक्या शहरांत नीट विचार करून काम निवडतां येईल.