भंगारात निघालेलं पिनबॉल आणि पनवेलचे वाइंडिंगवाले

गेल्या भागानंतर मी त्या मशीनचा फोटो टाकला आणि मेसेजचा पाऊस पडला. निम्म्या लोकांनी विचारलं "हे काय आहे?", उरलेल्यांनी विचारलं "कितीला घेतलं?" आज दोन्हीची उत्तरं देतो.

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये विंडोज एक्सपीवर स्पेस कॅडेट खेळलाय ना? बाई वळल्या की सुरू, बाई आल्या की बंद. तेच पिनबॉल, फक्त खरं. लाकडाची उतरती फळी, वर काच, आत लोखंडी गोळी आणि बाजूला दोन बटणं. तुमच्या आजोबांच्या घरी बॅगाटेलचा बोर्ड असेल, खिळे ठोकलेला, छर्रे सोडायचा, तर ते याचं खानदान. त्या बोर्डाला स्प्रिंगचा दांडा लावायचं पेटंट अमेरिकेत माँटेग्यू रेडग्रेव्ह या माणसाने १८७१ मध्ये घेतलं. १९३१ मध्ये गॉटलिब कंपनीचं ‘बॅफल बॉल’ आलं आणि दुकानादुकानात पोचलं. त्यात वीज नव्हतीच. आणि फ्लिपर, म्हणजे गोळीला खालून उडवणारे ते दोन हात, आले थेट १९४७ मध्ये, ‘हम्प्टी डम्प्टी’ या मशीनवर.

म्हणजे त्याआधी काय करायचं? गोळी सोडायची आणि बघत बसायचं. म्हणून तर न्यूयॉर्क शहराने १९४२ मध्ये पिनबॉलला जुगार ठरवून बंदी घातली. ती उठली १९७६ मध्ये. रॉजर शार्प नावाच्या पत्रकाराने नगरपालिकेच्या लोकांसमोर, आपली गोळी कुठून जाणार हे आधी सांगितलं, दांडा ओढला, आणि ती तिथूनच गेली. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी मशीन लिफ्टमधून येताना बघून "हा जुगाराचा डबा वर कशाला?" असं विचारलं, तेव्हा त्यांना मी हीच गोष्ट सांगितली. पटली नाही. असो.

आता माझं मशीन. गॉटलिबचंच, १९६०च्या दशकातलं, एका खेळाडूचं. लाइन आळीतलं एक जुनं घर रीडेव्हलपमेंटला जात होतं. घरातले काका जहाजावर नोकरीला होते, त्यांनी ते कुठल्याशा बंदरातून आणलेलं. काका गेले, मशीनवर गाद्या रचल्या गेल्या. घर रिकामं करताना काकूंनी भंगारवाल्याला बोलावलं, त्याने सांगितले २,००० रुपये. लाकूड फार, लोखंड कमी म्हणे.

इथे एक प्रश्न येतो, आणि जुन्या वस्तू घेणाऱ्या प्रत्येकाला तो कधीतरी येतोच. मला माहीत होतं की परदेशात चालू मशीनला बरे पैसे मिळतात. काकूंना ते माहीत नव्हतं. गप्प बसून ३,००० टेकवता आले असते, तेही उपकार केल्यासारखे. मी त्यांना मोबाइलवर विक्रीच्या जाहिराती दाखवल्या. म्हटलं, "काकू, ही चालू मशीनं आहेत, तुमचं बंद आहे. पण हे भंगार नाही." त्या म्हणाल्या, "मंगळवारी घराची चावी द्यायचीय रे मला. तू नेणार आहेस का, ते सांग." शेवटी १५,००० ला ठरलं आणि एका कागदावर लिहिलं, की मी कधी विकलं तर आलेला खर्च वजा करून अर्धे पैसे त्यांचे. त्यांच्या मुलाला हा कागद विनोदी वाटला. मला नाही वाटला. विकणाऱ्याला घाई असते तेव्हा किंमत त्याची घाई ठरवते, हे मला आवडत नाही.

आणि "अँटिक" या शब्दाला भुलू नका. आपल्या १९७२च्या पुरावस्तू कायद्यात साधारणपणे किमान १०० वर्षं जुनी वस्तूच पुरावस्तू. म्हणजे १९३१ची मशीनंसुद्धा अजून त्यात बसत नाहीत. चोरबाजारात मात्र काल बनवलेला फोनोग्राफही अँटिक असतो.

घेताना काय बघायचं? वरच्या काचेवरचं चित्र आधी. काचेच्या मागून रंग लावलेला असतो, त्याचे पोपडे निघाले की गेलं, परत तसं होत नाही. मग फळी आणि पेटी: वाळवी आहे का, उंदरांनी वायरी खाल्ल्यात का. बंद आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. या काळातल्या मशीनमध्ये एकही चिप नाही. वजन शंभर किलोच्या आसपास, पण वरचा डबा सुटतो, पाय बोल्टवर असतात. प्रत्येक कनेक्टरचा फोटो काढा, मग सोडवा. आमचं छोटा हत्तीतून आलं.

चिप नाही, मग स्कोअर लक्षात कसा राहतो? हा भाग मला सगळ्यात भारी वाटतो. गोळी कशाला लागली की दोन पातळ पट्ट्या एकमेकींना टेकतात, कॉइलला वीज मिळते, कॉइल दांडा खेचते आणि दातेरी चाक एक दात पुढे सरकतं. तोच आकडा. नऊवरून शून्यावर येताना ते चाक शेजारच्या चाकाला एक धक्का देतं. हातचा एक! दुसरीत शिकलेली बेरीज तुमच्यासमोर खटखट वाजत होते. आणि मशीन हलवून चोरी करू नये म्हणून आत चक्क ओळंबा टांगलेला आहे, गवंड्याचा असतो तसा, एका कडीच्या मधोमध. कडीला टेकला की ‘टिल्ट’, खेळ संपला.

आता नीट ऐका, हे जिवाशी आहे. अमेरिकेतलं मशीन ११५ व्होल्टचं. आपल्या २३० वर थेट लावलं तर ट्रान्सफॉर्मर जळेल, कदाचित घरही. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. त्याहून वाईट म्हणजे मूळ प्लग दोन पिनांचा, अर्थिंग नाही. नाण्याचं दार, बाजूच्या पट्ट्या, सगळं धातूचं, आणि खेळणारा त्यालाच धरून उभा. मी तीन पिनांची वायर घालून प्रत्येक धातूचा भाग अर्थ केला. फ्यूजच्या जागी कोणीतरी तांब्याची तार गुंडाळली होती. ती काढली, योग्य फ्यूज घातला, मगच पहिल्यांदा स्विच दाबला. एखादी कॉइल अडकून चालू राहिली तर काही मिनिटांत धूर येतो, तेव्हा हात स्विचवरच ठेवायचा. आणि हो, ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. ६० ऐवजी ५० हर्ट्झवर आतली मोटर थोडी हळू फिरते, बोनस जरा रेंगाळत मोजला जातो. चालतं.

दुरुस्तीसाठी मला तज्ज्ञ मिळाले ते टपाल नाक्याच्या आसपासच. एकजण जुन्या बजाज स्कूटरचे मेकॅनिक. त्यांनी आत डोकावून म्हटलं, "अरे, हे तर सगळे पॉइंट आहेत!" खरंच, स्कूटरच्या कॉन्टॅक्ट पॉइंटसारखंच. पनवेलच्या दमट हवेत त्यावर काळा थर बसतो. पातळ फाइलने हलक्या हाताने घासायचं, पट्ट्यांमधलं अंतर बघायचं. तेल अजिबात नाही. जुनं ग्रीस गोंदासारखं झालेलं, ते अल्कोहोलने पुसून काढलं.

दुसरे मोटर वाइंडिंगवाले. फ्लिपरची एक कॉइल जळली होती. तिच्यात दोन गुंडाळ्या असतात: जाड तारेची, जोरात फटका मारायला, आणि बारीक तारेची, हात वर धरून ठेवायला. फटका संपला की एक छोटा स्विच जाड तारेऐवजी बारीक तारेवर नेतो. मी समजवायला लागलो तर ते म्हणाले, "कळलं, स्टार्टिंग आणि रनिंग." जुनी उलगडून आटे मोजले, तार मोजली, दोन दिवसांत नवी कॉइल. बेअरिंगच्या गोळ्या नागदेवी स्ट्रीटवरून आणल्या, सव्वा इंचापेक्षा थोडी लहान, एक पूर्णांक एक सोळांश इंच.

बऱ्याच जणांनी सुचवलं, सगळे रिले फेकून अर्डुइनो बसव, एका वीकेंडचं काम. होईल की. पण मग ती नुसती पेटी उरेल. वाइंडिंगवाल्या काकांचा मुलगा हे काम करत नाही, स्कूटरवाल्यांकडे पोरगा शिकायला नाही. म्हणून मी दोघांचेही हात काम करताना व्हिडिओ काढून ठेवलेत, त्यांना विचारून. पुढच्या भागात ते टाकतो.

मशीनची आजची स्थिती: फ्लिपर चालतात, दिवे लागतात, हजाराचं चाक सातवर अडकतं. ऑगस्टपासून आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्यात. स्कूटरवाले काका रविवारी येणार आहेत, लाइन आळीच्या काकूही. चाक सुटलं तर सांगेन.