प्रश्न काय होता?

श्रोतेहो, रेडिओवर मला बारा मिनिटं दिली आहेत. त्यातलं अर्धं मिनिट खुर्ची पुढे ओढण्यात गेलं, तेव्हा लगेच सुरुवात करते.

11 सप्टेंबर 2024, बुधवार, गौरीपूजनाचा दिवस, सकाळचे साडेसहा. डोंबिवलीतल्या आमच्या स्वयंपाकघरात कुकरमध्ये पुरणाची डाळ लावलेली, आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीवर कमला हॅरिस आणि डोनाल्ड ट्रम्प यांचा अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठीचा वादविवाद. तिकडे फिलाडेल्फियात तेव्हा मंगळवार रात्रीचे नऊ वाजले होते. गौरींचं मखर टीव्हीच्या शेजारीच, त्यामुळे माहेरी आलेल्या त्या दोघींनाही पूर्ण दीड तास ते ऐकावं लागलं.

तुम्ही म्हणाल, तिकडचा अध्यक्ष कोणी का होईना, डोंबिवलीच्या बाईला काय त्याचं? अहो, आमच्या एका जिन्यावर तीन घरांतली मुलं तिकडे आहेत. माझा भाचा एडिसनला आहे, तो फोनवर होताच. (तिकडच्या संसदेत मिशिगनमधून निवडून गेलेले श्री ठाणेदार नावाचे गृहस्थही आहेत. आडनावावरून आमच्या ठाणेकरांना उगाच अभिमान वाटतो, पण ते बेळगावकडचे.) तर बघायला सगळे होते. आमचे हे, मुलगा, हळदीकुंकवाचा करंडा मागायला आलेल्या शेजारच्या वहिनी, त्याही टेकल्या. लोकलने जाणारा खालच्या मजल्यावरचा मुलगा मोबाईलवर बघत बघत स्टेशनला गेला.

मी स्वयंपाकघरात. मला चित्र दिसत नव्हतं, फक्त आवाज. आणि बाहेरून येणारे शेरे. हे म्हणाले, "बरोबर कोंडीत पकडलंन!" मुलगा म्हणाला, "बाबा, तो बोलताना तिचा चेहरा बघा." वहिनी म्हणाल्या, "कानातले मोती मात्र सुरेख हो." त्या मोत्यांत इअरफोन लपवलाय अशी अफवाही पुढे निघाली. खोटी होती. पण बघा, लोकांचं लक्ष कुठे होतं!

मी डाव हातात घेऊन दारात आले आणि विचारलं, "प्रश्न काय होता?"

कोणी बोलेना. हे म्हणाले, "कुठला प्रश्न?" म्हटलं, आत्ता ज्याचं उत्तर ऐकून तुम्ही मांडीवर थाप मारलीत, तो. एकालाही सांगता आला नाही.

एकतीस वर्षं शाळेत शिकवलं मी. उत्तरपत्रिकेच्या समासात सगळ्यात जास्त वेळा मी काय लिहिलं असेल, तर "प्रश्न वाचा". मुलांची आवडती खोड असते. पावसाळ्यावर निबंध पाठ केलेला असतो, प्रश्न येतो नदीवर. मग नदीच्या काठाने दोन ओळी चालायचं आणि तिसऱ्या ओळीत पाऊस पाडायचा. अक्षर सुंदर असलं तर बाईसुद्धा फसते. फसले आहे मी.

त्या सकाळचा पहिला प्रश्न अगदी सरळ होता. चार वर्षांपूर्वीपेक्षा लोकांची आर्थिक स्थिती आज बरी आहे असं तुम्हाला वाटतं का? हो म्हणा, नाही म्हणा, थोडी बरी म्हणा. हॅरिसबाईंनी सुरुवात केली ती मध्यमवर्गीय घरात वाढल्याच्या आठवणीने, आणि मग पुढच्या योजना. पाऊस पाडला! मग ट्रम्प. स्प्रिंगफील्डमध्ये बाहेरून आलेले लोक कुत्री-मांजरं खातात हे त्यांचं वाक्य तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. लवकरच त्याची गाणी झाली, आमच्या महिला मंडळाच्या ग्रुपवरसुद्धा. आता सांगा, त्याच्या आधीचा प्रश्न काय होता? सीमेसंबंधीचं एक विधेयक दोन्ही पक्षांच्या लोकांनी मिळून आणलं होतं, ते तुम्ही का हाणून पाडलंत, असं विचारलं होतं. त्याआधी बाई म्हणाल्या होत्या की यांच्या सभांतून लोक कंटाळून उठून जातात. ते झोंबलं. म्हणून उत्तर सभांपासून निघालं आणि मांजरांपाशी जाऊन बसलं. विधेयक राहिलं तिथेच.

पक्ष दोन, खोड एक, म्हणून दोघांचं सांगितलं. मी कोणाच्या बाजूची नाही. मला तिथे मत नाही.

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मला जे म्हणायचं होतं ते सापडलं. आपण वादविवाद बघत नाही, शिट्ट्या मोजतो. एक टोला लागला, एक शिट्टी. दुसरा लागला, दोन. पाच झाल्या की गॅस बंद, अमका जिंकला. डाळ शिजली का, ते झाकण काढून दोन बोटांत दाण्याचा चेपा करून बघावं लागतं. तुमच्या-माझ्या आईने असंच शिकवलं. शिवाय रिंग सैल असली की वाफ बाजूने निसटते, शिट्टी होतच नाही आणि खाली डाळ लागते. प्रश्नाच्या बाजूने निसटलेली उत्तरं अशीच असतात. पण तिथे शिट्ट्याही होतात, हा फरक.

आता एक गोष्ट रेडिओवाल्यांच्या फार आवडीची. 26 सप्टेंबर 1960, शिकागो, केनेडी आणि निक्सन यांचा पहिला टीव्हीवरचा सामना. निक्सन नुकते गुडघ्याच्या दुखण्याने रुग्णालयात राहून आलेले, वजन उतरलेलं, फिकट सूट, दाढीचे खुंट झाकायला नुसती पावडर. केनेडी उन्हाने रापलेले, ताजेतवाने, गडद सूट. म्हणतात की ज्यांनी टीव्हीवर पाहिलं त्यांना केनेडी जिंकले असं वाटलं आणि ज्यांनी रेडिओवर ऐकलं त्यांना निक्सन. हे ऐकून मला केवढा आनंद झाला होता! पण मास्तरकीची सवय वाईट. ज्या पाहणीवर ही गोष्ट उभी आहे, तिच्यात रेडिओ ऐकणारे पुरते तीनशेही नव्हते. त्यात रेडिओ तेव्हा जास्त गावाकडे, आणि गावाकडे कॅथलिक केनेडींबद्दल आधीच अढी. तेव्हा रेडिओ ऐकणारा तेवढा शहाणा असं छातीठोक सांगता येत नाही. रेडिओवर बसूनच सांगते आहे, तरी सांगते.

त्यानंतर सोळा वर्षं असे सामने झालेच नाहीत. पुन्हा झाले ते 1976 साली, फोर्ड आणि कार्टर, पहिला फिलाडेल्फियातच. आणि काय झालं? आवाज गेला. चांगली सत्तावीस मिनिटं. एवढे दोन मोठे पुरुष आपापल्या पोडियममागे उभे, एकमेकांकडे बघेनात, बसेनात, बोलेनात. आकाशवाणीवर असं झालं असतं तर उद्घोषिकेने "व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत" म्हणून सतार लावली असती. तिथे कोणाला काही सुचलं नाही.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्या सामन्याबद्दल, 6 ऑक्टोबरचा. फोर्ड बोलून गेले की पूर्व युरोपावर रशियाचं वर्चस्व नाही. ऐकणाऱ्यांना तेव्हा त्यात फारसं काही खटकलं नाही. सामना संपल्या संपल्या ज्यांना विचारलं, त्यांच्यात फोर्ड चांगले बोलले म्हणणारे पुष्कळ होते. मग रात्रभर आणि दुसरा दिवसभर टीव्हीवर, वर्तमानपत्रांत तेच वाक्य. चोवीस तासांनी विचारलं तर फोर्ड सपशेल हरलेले! सामना तोच, माणसं तशीच, ऐकलेले शब्द तेच. मत तेवढं बदललेलं.

डोंबिवलीच्या जुन्या इमारतींत स्वयंपाकघरं डक्टवर समोरासमोर असतात. सकाळी सातला चार घरचे कुकर एकदम लागतात, आणि समोरच्यांच्या शिट्ट्या मोजून आपला गॅस बंद करायचा, हा घोटाळा मी स्वतः केलेला आहे. कच्चा भात वाढलाय. फोर्डच्या वेळी तेच झालं. ब्रिटनमध्ये 2010 च्या निवडणुकीत संशोधकांनी हे मुद्दाम करून पाहिलं. सामना चालू असताना टीव्हीच्या तळाशी एक रेघ हलत असते, निवडक प्रेक्षकांना बोलणं आवडलं की वर, नावडलं की खाली. यांनी सुमारे दीडशे लोकांना खोटी रेघ दाखवली, निम्म्यांना एकाच्या बाजूने झुकलेली, उरलेल्यांना दुसऱ्याच्या. ज्याची रेघ वर, तो त्या त्या गटाला जिंकलेला वाटला. दुसऱ्याच्या शिट्ट्या, श्रोतेहो! आणि आता तर ती रेघ आपल्या हातातच आहे. खालच्या मजल्यावरचा तो मुलगा संध्याकाळी भेटला, मला म्हणाला, "काकू, सगळे म्हणतायत ती जिंकली." म्हटलं, तुला काय वाटलं? तर म्हणे, मुंब्र्यानंतर रेंजच नव्हती.

नुसतं बघण्यालाही अर्थ असतो, हे मी कबूल करते. 2024 च्या जूनमधला बायडन-ट्रम्प सामना झाला, त्यात बायडनांची अवस्था लोकांनी डोळ्यांनी पाहिली आणि 21 जुलैला त्यांनी माघार घेतली. तिथे चेहरा हेच उत्तर होतं म्हणा ना. त्यावर बोलायला हवं, पण काचेपलीकडून मला चार बोटं दाखवली आहेत.

तेव्हा आपल्याकडे येते. आपल्याकडे असा सामना नाही. 1977 पासून निवडणुकीच्या वेळी पक्षांना आकाशवाणीवर वेळ मिळतो, पण तिथे प्रत्येक जण आपलं भाषण करतो, समोर विचारणारा नाही. 2024 च्या मे महिन्यात निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर, न्यायमूर्ती अजित शहा आणि संपादक एन. राम यांनी पंतप्रधान मोदी आणि राहुल गांधी यांना एका व्यासपीठावर यायचं निमंत्रण दिलं होतं. राहुल गांधी हो म्हणाले, पण सामना काही झाला नाही. झाला असता तरी, परत सांगते, आपण शिट्ट्याच मोजल्या असत्या.

हे मी स्वतःवरून सांगते. 2019 ची विधानसभा निवडणूक. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एक उमेदवार आले होते. सतरंज्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, पाठीमागे टाकीत पाणी पडल्याचा आवाज. कल्याणचा जुना पत्रीपूल आदल्या वर्षी, 2018 च्या नोव्हेंबरात, पाडलेला. रिक्षाने कल्याणला जायचं म्हणजे घरून डबा घेऊन निघावं अशी गत. मी वहीच्या कागदावर प्रश्न लिहून नेला होता, "नवा पत्रीपूल कोणत्या महिन्यात सुरू होईल?" उभी राहिले, वाचला. त्यांनी मला नमस्कार केला, "बाई, तुम्ही आमच्या गुरुस्थानी" म्हणाले, आणि मग कल्याणच्या खाडीवर गेले. दुर्गाडी, शिवाजी महाराज, आरमार. अंगावर काटा येईल असं बोलले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी पण वाजवल्या. जोरात.

जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर हातातला कागद बघितला. महिना कुठे सांगितला त्यांनी? पूल झाला 2021 च्या जानेवारीत. तारीख मला वर्तमानपत्रातून कळली. त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. त्यांनी पाऊस पाडला, पण त्याला पैकीच्या पैकी गुण मी दिले. मी! जिने आयुष्यभर तांबड्या शाईने "प्रश्न वाचा" लिहिलं.

दोन बोटं दाखवतायत. निवडणूक पुन्हा कधीतरी तोंडावर येणारच. कल्याण-डोंबिवली महापालिकेत तर 2020 च्या नोव्हेंबरपासून कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, ठाण्यात 2022 पासून. पाणी का आलं नाही हे विचारायला माणूस नव्हता, अर्ज घ्यायला खिडकी होती. तेव्हा जो कोणी मतं मागायला गेटपाशी येईल त्याला आधी चहा द्या. आपल्याकडचं वळण आहे ते. पण प्रश्न कागदावर लिहिलेला असू द्या आणि तो बोलत असताना कागदावरची नजर हलवू नका. उत्तर आलं तर बरोबरची खूण, नाही आलं तर "प्रश्न वाचा" म्हणून कागद परत त्याच्या हातात. घाबरायचं काय त्यात? आणि एक, टाळ्या वाजवायच्या आधी कुकर पडू द्या. वाफ जिरल्याशिवाय झाकण ओढलं की काय होतं ते माझ्या मनगटावर अजून आहे.

ठाण्यातल्या व्याख्यानमालांबद्दल बोलायचं होतं, तिथे व्याख्यान संपल्यावर चिठ्ठ्या पाठवून प्रश्न विचारायची एक जुनी… नाही, वेळ संपलाच. राहू दे ते.

ज्यांनी फिलाडेल्फियातला तो दीड तास पुन्हा बघितला किंवा नुसता ऐकला, त्यांनी केंद्राच्या पत्त्यावर मला एक पोस्टकार्ड टाकावं. कोण जिंकलं ते लिहू नका, ते मला दहा जणांनी सांगून झालंय. न सुटलेला एखादा प्रश्न सापडला तर तेवढा लिहा, जसा विचारला होता तसा, शब्दाला शब्द.