आरसा फसवीत नाही



आजच्या व्याख्यानाचे सर्व साहित्य आपल्या स्वयंपाकघरात आहे. ते म्हणजे स्टीलचा एक चकचकीत चमचा. घरी गेल्यावर त्याच्या खोलगट बाजूत डोकावून पाहा. आपला चेहरा उलटा, कपाळ खाली आणि हनुवटी वर, असा दिसेल. चमचा पालथा करा. आता चेहरा सुलटा, पण इवलासा, आणि पाठीमागची खिडकी, दार, दिवा, सारे त्या एवढ्याशा जागेत मावलेले! खोलगट बाजू हा अंतर्गोल आरसा, फुगीर बाजू हा बहिर्गोल. जत्रेतले गमतीचे आरसे याच घराण्यातले. उभ्या नळकांड्यासारखा फुगीर आरसा आपली रुंदी चोरतो, म्हणून माणूस काठीसारखा दिसतो. तोच आडवा केला की उंची चोरतो, आणि माणूस पिंपासारखा दिसू लागतो.

हे पाहून आपण हसतो आणि म्हणतो, आरसा फसवतो. आमचे म्हणणे असे की, आरसा कधीच फसवीत नाही. किरण ज्या कोनाने आला त्याच कोनाने परतवावयाचा, एवढा एकच नियम त्याला ठाऊक. सपाट असो वा वाकडा, प्रत्येक बिंदूपाशी तो हा नियम इमानाने पाळतो. फसतो तो आपला डोळा. किरण जेथून फाकल्यासारखे वाटतात तेथेच वस्तू आहे, असे तो धरून चालतो.

शाळेत आम्ही मुलांना एक जुना प्रयोग दाखवीत असू. एका खोक्यावर रिकामी फुलदाणी ठेवावयाची आणि खोक्यात गुलाबाचे फूल उलटे टांगावयाचे. खोके आरशाकडच्या बाजूने उघडे, मुलांच्या बाजूने बंद. समोर मोठा अंतर्गोल आरसा, त्याच्या वक्रतात्रिज्येइतक्या अंतरावर. योग्य जागी उभे राहिले की, रिकाम्या फुलदाणीत टवटवीत गुलाब उभा! मूल धरावयास जाई, तर हाती काहीच येत नसे. मग तेथे पातळ कागद धरला की त्यावर फूल उमटे. म्हणजे फूल नव्हते, पण फुलापासून निघालेला प्रकाश खरोखरच तेथे एकत्र आला होता. सपाट आरशातील प्रतिमा अशी कागदावर धरता येत नाही.

प्रकाश जेथे एकवटतो तेथे उष्णताही एकवटते. शिर्डीच्या प्रसादालयात २००९ साली वाफेवर स्वयंपाक करण्यासाठी ७३ मोठे अंतर्गोल परावर्तक बसविण्यात आले, ते याच तत्त्वावर. उलट लंडनमध्ये २०१३ साली एका उंच इमारतीची काचेची दर्शनी बाजू आत वळलेली निघाली, आणि तिने एकवटलेल्या उन्हाने खाली उभ्या मोटारीचे काही भाग वितळले. तेव्हा दाढीचा अंतर्गोल आरसा खिडकीत उन्हात ठेवू नका. पडदा पेटू शकतो.

१९९० साली अवकाशात सोडलेल्या हबल दुर्बिणीचा २.४ मीटर व्यासाचा आरसा कडेपाशी केसाच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतका अधिक सपाट घासला गेला होता. तेवढ्याने तारे धूसर दिसू लागले. पण चूक किती आणि कशी, हे मोजता आले. म्हणून डिसेंबर १९९३ मध्ये नेमकी उलट चूक असलेले लहान आरसे बसवून ती भरून काढता आली. चूक ठाऊक असली की तिच्यावर उपाय चालतो.

आता बहिर्गोलाकडे वळू. काही वर्षांपूर्वी एका आंधळ्या वळणावर लावलेल्या अशा आरशात आम्ही ट्रक पाहिला. ‘अजून लांब आहे’ असे म्हणून सायकल पुढे घातली, तोच ब्रेक किंचाळले. ट्रकचालकाने आम्हांस जे सुनावले ते सभेत सांगण्याजोगे नाही. पण त्याचे म्हणणे खरे होते. फुगीर आरसा पुष्कळ मोठा प्रदेश दाखवितो, आणि तेवढे सारे मावावे म्हणून प्रत्येक वस्तू लहान करतो. लहान दिसते ते दूर असते, ही आपल्या डोळ्याची जन्माची सवय. आरशाने ट्रक आहे एवढेच सांगितले होते. तो लांब आहे हे आम्ही आमच्या पदरचे घातले.

मोटारीतला आतला आरसा बहुधा सपाट असतो, बाहेरचा पुष्कळदा बहिर्गोल. दुचाकीचे आरसेही अनेकदा बहिर्गोलच असतात. अशा आरशाला ‘कोणी येत आहे काय?’ एवढेच विचारावे. ‘किती लांब आहे?’ हे मान वळवून स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

आज घरी जाताना वळणावर एवढे आठवले, तरी आमचे बोलणे कारणी लागले असे आम्ही समजू.