घाम सुकण्याआधी

लोणावळ्याहून मुंबईकडे गाडी सुटली, की मुलं बोगदे मोजू लागतात. लहानपणी मीही मोजलेत. पण हे बोगदे खोदणाऱ्यांना मजुरी वेळेवर मिळाली होती का, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

बी.ए.ला असताना सुट्टीत मी मावळातल्या एका ठेकेदाराकडे हजेरी लिहायला होतो. पगाराचा दिवस आला, की तो "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणायचा. खडी फोडणाऱ्या एका बाईंनी मला विचारलं, "भाऊ, माझं दिस तुमच्या वहीत हायेत, मग पैकं कुठं गेलं?" त्यांचे अठरा दिवस भरले होते. काम संपलं, ठेकेदार निघून गेला, माझ्याकडे वही तेवढी राहिली. घरी सांगितलं तेव्हा वडील म्हणाले, "मजुराचा घाम सुकायच्या आत त्याची मजुरी द्यावी, ही पैगंबरांची शिकवण. आणि तू नुसतं लिहीत बसलास?"

पुढे वाचनात बोरघाट आला. १८५६ साली घाटातल्या रेल्वेचं काम सुरू झालं, १८६३ मध्ये गाडी धावली. १८६१ साली इथे ४२ हजारांच्या आसपास माणसं राबत होती. १८५९च्या सुरुवातीला, फॅव्हियल या इंग्रज कंत्राटदाराच्या काळात, थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा संयम सुटला आणि दंगल झाली. सरकारला दखल घ्यावी लागली. १८६० साली मालक-मजुरांच्या तंट्यांचा कायदा आला. मजुरीचा तंटा मॅजिस्ट्रेटने झटपट सोडवावा, ही त्यातली चांगली बाजू. दुसरी बाजू अशी, की ठरलेलं काम सोडणाऱ्या मजुराला तुरुंगही होता. मालकाचा करारभंग ही बाकी आणि मजुराचा करारभंग हा गुन्हा! हा कायदा १९३२ साली रद्द झाला. १९३६च्या वेतन कायद्याने पगाराची मुदत बांधून दिली. पण तो सर्वांना लागू नव्हता.

हे दुखणं आपलंच नव्हे. कामगारांच्या नावाने राज्य चालणाऱ्या चीनमध्ये १९९४ साली कामगार कायदा झाला. तरी बांधकामावरच्या स्थलांतरित मजुरांची मजुरी थकतच राहिली. अखेर २०११ साली, ऐपत असून मजुरी बुडवणं हा तिथे फौजदारी गुन्हा ठरला. २०२० साली खास या मजुरांसाठी वेगळे नियम आले. म्हणजे तिथे गुन्हेगाराच्या पिंजऱ्यात मालकालाही उभं केलं गेलं.

आपल्याकडे २०१९ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. रोजंदारी असेल तर पाळी संपताच मजुरी, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. काम सुटलं, तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता. थकबाकीसाठी तीन वर्षांपर्यंत दाद मागता येते. आणि मला सर्वांत मोलाची वाटते ती तरतूद अशी: पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे.

श्रोतेहो, त्या बाईंचा प्रश्न कायद्याने आता मालकाला विचारला आहे. पण दाद मागायला गावाकडून आलेल्या मजुराने एकट्याने जायचं का? तुमच्या घराचं काम करणाऱ्यांना कंत्राटदाराने मजुरी दिली का, एवढं तरी विचारा. मी त्या वेळी विचारलं नव्हतं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)