निसर्ग राखणाऱ्या बांधकामाचा गौरव : कोणाचा आणि कशासाठी?

(हमरापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या विभागात जी बांधकामे व विकासकामे निसर्गाला धक्का न लावता उभी राहतात, त्यांचा जाहीर गौरव व्हावा, हा विचार आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत. विषय शहरी वाटेल. परंतु १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील १२४ गावांसाठी नवनगर विकास प्राधिकरण म्हणून एमएमआरडीएची नेमणूक झाली. बांधकामाची लाट आपल्या उंबरठ्यापर्यंत आली आहे. येणाऱ्या इमारतींना चांगले कोण म्हणणार आणि कोणत्या कसोटीवर म्हणणार, हे आपणच आज ठरवले पाहिजे.

प्रथम असा गौरव कसा होतो ते पाहू. हैदराबाद येथील सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरच्या इमारतीला २००३ साली अमेरिकेतील 'लीड' पद्धतीचे प्लॅटिनम मानांकन मिळाले आणि हरित इमारत हा शब्द देशभर गेला. २००७ साली 'गृह' ही आपल्या हवामानाचा विचार करणारी भारतीय पद्धत राष्ट्रीय पातळीवर स्वीकारली गेली. त्यात पाणी, वीज, कचरा, बांधकामाचे साहित्य अशा बाबींना गुण देऊन एक ते पाच तारे दिले जातात. लहान इमारतींसाठी 'स्वगृह' नावाची सोपी पद्धतही आहे. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने अशा इमारतींना करात सवलत देऊ केली. राज्य शासनाने २ ऑक्टोबर २०२० रोजी 'माझी वसुंधरा' अभियान सुरू करून भूमी, जल, वायू, अग्नी व आकाश या पंचतत्त्वांवर ग्रामपंचायती व नगरपालिकांना गुण देण्यास प्रारंभ केला.

या सर्व गोष्टी स्वागतार्ह आहेत. तरीही आम्हाला एक प्रश्न पडतो. खाजणात भराव टाकून त्यावर सौरऊर्जेची वसाहत उभी केली, तर ती हरित म्हणायची काय? भरावामुळे उधाणाचे पाणी शेजारच्या सखल वस्तीत शिरले, तर ते दुःख त्या वसाहतीच्या दारावरील पाटीवर लिहिलेले नसते. आणि सखल जागी, ओढ्याकाठी, डोंगराच्या पायथ्याशी कोण राहतो? ज्याला चांगली जमीन कधी मिळालीच नाही तो. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यात दरडी कोसळल्या, २०२१ साली तळिये गाव गाडले गेले, २०२३ साली खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर डोंगर आला. जमीन, पाणी आणि उतार यांचा विचार ही श्रीमंतांची हौस नसून गरिबाच्या जिवाचा प्रश्न आहे, हे आपल्या जिल्ह्याने तीनदा पाहिले.

म्हणून आपल्या विभागासाठी आम्ही पाच साध्या कसोट्या सुचवतो.

पहिली कसोटी जागेची. कांदळवन तोडून, ओढा बुजवून वा डोंगराचा पाय पोखरून झालेले काम कितीही देखणे असो, त्याचा विचार होऊ नये. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरातील कांदळवनांची तोड थांबवली व त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले. खारबंदिस्तीचा बांध व उघाडी नीट राखणारे गावसुद्धा या गौरवास पात्र ठरावे, कारण बांध फुटला की खारे पाणी भातशेतीत शिरते आणि ते शेत पुन्हा पिकते व्हायला वर्षे लागतात.

दुसरी कसोटी पाण्याची. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे ५० चौरस मीटरच्या घरावर दीड लाख लिटर पाणी पडते. त्यातले दहा हजार लिटर टाकीत धरले, तरी पाच माणसांच्या घराला माणशी वीस लिटरप्रमाणे शंभर दिवस पुरेल. खारेपाटातील भगिनींना उन्हाळ्यात हंडाभर गोड्या पाण्याची किंमत काय असते, हे सांगण्याची गरज नाही. ज्या जिल्ह्यात २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी सर्वांचे आहे हे प्रत्यक्ष कृतीने सांगितले गेले, त्या जिल्ह्यात पाण्याची कसोटी दुय्यम ठरू शकत नाही.

तिसरी कसोटी साहित्य व हवेची. उंच जोते, उतरते कौलारू छप्पर, पडवी आणि समोरासमोर खिडक्या ही कोकणी घराची रीत पंख्याशिवाय घर थंड ठेवते. ती मागासलेली नाही.

चौथी कसोटी उद्योगाची. हमरापूर, जोहे, कळवे या गावांची चूल गणेशमूर्तींच्या कारखान्यांवर पेटते. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात विरघळत नाही. मे २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्याच्या मूर्तींना मनाई केली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवण्यास मुभा दिली, परंतु नैसर्गिक पाण्यातील विसर्जनावर बंधन ठेवले. कारागिराला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. जो कारखाना सांडपाणी व रंगाचा गाळ ओढ्यात जाऊ देत नाही, कामगाराच्या नाकातोंडात धूळ जाऊ नये म्हणून हवा खेळती ठेवतो, त्याचा सत्कार करा. बाकीचे त्याच्याकडे पाहून शिकतील.

पाचवी कसोटी माणसांची. बांधकामावरील मजुराला राहायला जागा, प्यायला पाणी व शौचालय मिळाले काय? शेजारच्या वाडीची वाट आणि पाण्याचा निचरा शाबूत राहिला काय? याची साक्ष त्या वाडीतील लोकांनी द्यावी. परीक्षक मंडळात एक अभियंता असावा, तसाच एक शेतकरी, एक मजूर आणि पाणी भरणारी एक गृहिणीही असावी. काम पूर्ण होताच सन्मानपत्र न देता दोन पावसाळे जाऊ द्यावेत, कारण कोकणात खरा परीक्षक पाऊस आहे.

बंधू-भगिनींनो, यासाठी मोठा निधी लागत नाही. प्रारंभ आपल्याच समाजमंदिरापासून करता येईल : छपराला पन्हळ, खाली टाकी, आवारात चार झाडे आणि सांडपाण्याला शोषखड्डा. आपली इमारत या पाच कसोट्यांवर प्रथम तपासून घेऊ. मग दारात येणाऱ्या मोठ्या बांधकामदारालाही तेच पाच प्रश्न विचारण्याचा आपला अधिकार कोणी नाकारू शकणार नाही.