गाडीच्या मागून येणारा आवाज : ओळख आणि उपाय



भाताच्या रोगकिडीबद्दल बोलणारा माणूस आज गाडीबद्दल काय सांगणार, असं तुम्हाला वाटेल. पण तळीये, वरंध, बिरवाडी या बाजूला खताच्या गोणी, भाताची पोती आणि अडलेली बाळंतीण, सगळं एकाच जीपनं नाहीतर पिकअपनं महाडला जातं. तळीयेवर २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळली, ८० हून अधिक माणसं गेली, आणि वाटा बंद असल्यानं मदत पोचायला उशीर झाला. असल्या मुलखात गाडी धड असणं ही चैन नव्हे.

त्याच दिवसांत सावित्रीचं पाणी महाड शहरात शिरलं आणि कित्येक गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी आपण धुतो, इंजिनचं ऑईल बदलतो, गाडी सुरू होते. मागच्या डिफरन्शियलकडे मात्र कोणी वाकून बघत नाही. पुढे काही महिन्यांनी चाळीस-पन्नासच्या वेगाला मागून ‘घूंऽऽ’ असा रडका आवाज सुरू होतो. बैलगाडीचा आख कुरकुरला की आपले वडील लगेच वंगणाचं नळकांडं काढायचे. इथे मात्र आपण टेपचा आवाज वाढवतो!

हा भाग करतो काय? इंजिनाचा फेरा लांब शाफ्टमधून मागे येतो. तो लहान पिनियनवरून मोठ्या क्राऊनला, आणि तिथून दोन्ही चाकांना मिळतो. वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. तो हिशेबही इथेच सांभाळला जातो. चाकाच्या एका फेऱ्याला पिनियन साधारण चार वेळा फिरतं, म्हणून झीजही त्याच्या बेअरिंगला लवकर जाणवते.

आता आवाज नेमका कुठला, हे ओळखू या. त्यासाठी सपाट, मोकळा रस्ता बघा. घाटात हे प्रयोग नकोत. उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबून तोच आवाज आला, तर दोष मागे नाही. चालत्या गाडीत एकाच वेगाला तिसऱ्याऐवजी चौथा गिअर टाकून पाहा. सूर बदलला तर गिअरबॉक्स किंवा इंजिन. सूर तोच राहिला तर शाफ्टच्या मागचा भाग. डांबरी सोडून सिमेंटच्या रस्त्यावर आवाज बदलला तर तो टायरचा. गाडी डावी-उजवी झुकवताना घरघर कमीजास्त झाली तर चाकाचं बेअरिंग. आणि ॲक्सिलरेटर दाबला की आवाज चढतो, सोडला की पडतो किंवा उलट होतं, असं असेल तर समजा, क्राऊन-पिनियनचे दाते बोलताहेत. जात्यासारखी जाड घरघर, ॲक्सिलरेटर दाबा नाहीतर सोडा, सारखीच येत असेल, तर पिनियनच्या बेअरिंगवर संशय घ्या. फक्त वळणावर आवाज आला तर आतले लहान गिअर बघावे लागतात. गाडी उचलताना मागे ‘खट्ट’ होत असेल, तर आधी शाफ्टचा क्रॉस तपासून घ्या; तो स्वस्तातला उपाय आहे.

मिस्त्रीकडे जाण्याआधी एक काम घरी होतं. गाडी सपाट जागी उभी करा आणि आधी ऑईल भरण्याचा वरचा बोल्ट सुटतो का पाहा. खालचा आधी काढलात, सगळं ऑईल सांडलं आणि वरचा जाम निघाला, तर गाडी दारातच बसेल. ऑईल त्या भोकाच्या खालच्या काठाला टेकलेलं हवं. रंग दुधाळ चहासारखा असेल तर आत पाणी गेलं आहे. तसं ऑईल त्याच दिवशी काढून टाका. खालच्या बोल्टच्या लोहचुंबकावर बारीक राखाडी चिखल दिसला तर घाबरू नका, ती रोजची झीज. कण किंवा कपच्या हाताला लागल्या तर मात्र गाडी उभी करा. नवं ऑईल गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या प्रतीचंच घाला. इंजिनचं उरलेलं ऑईल इथे चालत नाही; या दात्यांवरचा दाब सोसायला गिअर ऑईलच लागतं.

पाणी आत जातं कसं? धावून तापलेलं हौसिंग पऱ्यातल्या गार पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढते. वर ब्रीदर नावाचा छोटा श्वासमार्ग असतो. तो चिखलानं बुजला तर ऑईल सीलवर ताण येतो. तो पावसाळ्याआधी साफ करा.

आता खर्चाचं बोलू. प्रत्येक आवाज दुरुस्त केलाच पाहिजे असं नाही. दोन-तीन वर्षं तोच सूर, वाढ नाही, ऑईल स्वच्छ, गळती नाही, अशी गाडी खुशाल वापरा. जुळून झिजलेले दाते उगाच उघडले आणि जोडणीत केसभर फरक पडला, तर आधी नव्हता तेवढा आवाज येतो. बदलायचं ठरलं तर क्राऊन आणि पिनियन जोडीनंच बदला, आणि दात्यांना रंग लावून टेक तपासणारा मिस्त्री शोधा. पिनियनचा नट नुसता पाना लावून आवळणाऱ्याला गाडी देऊ नका. जुनी गाडी घेताना वरचा बोल्ट काढून बोट घाला; आवाज लपवायला आत लाकडाचा भुसा भरण्याची लबाडी फार जुनी आहे.

पण सूर नवा असेल, आठवड्या-आठवड्याला वाढत असेल, हौसिंगला हात लावून धरवत नसेल किंवा पिनियनपाशी ऑईल ठिबकत असेल, तर वरंध किंवा आंबेनळी घाटात माणसं भरून जाऊ नका. बेअरिंग अडकलं तर मागची चाकं जागीच आवळतात. आणि उतारावर आवाज थांबतो म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे काही ड्रायव्हर आहेत. त्यांच्या शेजारी बसला असाल तर स्पष्ट सांगा, गिअर टाक नाहीतर मला उतरव. इंजिनचा रोध गेला की सगळा भार एकट्या ब्रेकवर येतो.

येत्या पावसाळ्यात गाडी चाकाच्या मध्यापर्यंत पाण्यात उभी राहिली, तर पाणी ओसरल्यावर तिला लांब पळवण्याआधी मागचं ऑईल बघा. चाकांची बेअरिंगंही त्याच वेळी उघडून ग्रीस बदलून घ्या.