स्थूलता आणि स्त्रियांचा श्वास
(पातूर येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



रेणुकामातेची टेकडी चढताना घरातील चाळिशीची गृहिणी मध्येच थांबते. तिला धाप लागलेली असते. ‘आता वय झाले’ किंवा ‘खाऊनपिऊन सुखी आहे’ असे म्हणून आपण पुढे निघतो. ही धाप म्हणजे शरीराची तक्रार होय, ती वेळीच ऐकावी, एवढेच माझे निवेदन आहे.

श्वास घेताना छाती व पोट यांमधील मध्यपटल खाली सरकते आणि फुप्फुसांस पसरावयास जागा मिळते. पोटात मेद साचला म्हणजे ही वाट अडते. छातीवरील मेदाचा भार बरगड्यांना उचलावा लागतो. फुप्फुसांच्या तळाशी हवा कमी पोहोचते व श्वासास अधिक श्रम पडतात. उताणे निजल्यास हा त्रास वाढतो. झोपेत मोठ्याने घोरणे, श्वास अडून दचकून उठणे, दिवसा पेंगणे हा विनोदाचा विषय नव्हे. पाळी बंद झाल्यानंतर स्त्रियांत या विकाराचा संभव वाढतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे, १५ ते ४९ वयाच्या शंभर भारतीय स्त्रियांपैकी २०१५–१६ साली सुमारे २१ जणींचे वजन प्रमाणाबाहेर होते. २०१९–२१ मध्ये ही संख्या २४ झाली. आपल्याकडील स्त्रीच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला, की सावध व्हावे.

मात्र प्रत्येक धापेचा दोष मेदावर टाकू नये. रक्तक्षय, दमा, हृदयविकार आणि वर्षानुवर्षांचा चुलीचा धूर हीही कारणे असू शकतात. म्हणून प्रथम डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.

वजन दहा टक्क्यांनी जरी उतरले, तरी श्वासास पुष्कळ आराम पडतो. पण हे काम तिच्या एकटीचे नाही. सर्वांच्या मागून जेवणारी गृहिणी ‘अन्न वाया जाऊ नये’ म्हणून उरलेसुरले संपविते. तेव्हा स्वयंपाक बेताचा व्हावा आणि तिचे पान सर्वांबरोबर मांडावे. रोज अर्धा तास चालावयास जाण्याची तिला मोकळीक द्यावी. तेवढा वेळ घरकाम इतरांनी सांभाळावे. लठ्ठ म्हणून तिला हिणवू तर मुळीच नये. हिणविल्याने मेद झडत नाही, माणूस मात्र खचते.

भगिनींनो, घरातील सर्वांची दुखणीखुपणी तुम्ही ओळखता. आपल्या श्वासाकडेही तितकेच लक्ष द्या, ही नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.